अंगठीची ओळ

प्रिय धाकटे,

आशीर्वाद आधी, भांडण नंतर.

मी मजेत आहे. खोलीला पंखा मिळाला. आईचे गुडघे कसे आहेत?

आता भांडण. सातवा महिना लागल्यावर मला कळवता? ताईला वाईट वाटेल म्हणे! वाटलंच. माझी दोन्ही बाळं पाचव्याच्या आतच गेली, आणि तुला मात्र पहिल्याच झटक्यात. सासरी नवरा पाय चेपायचा, सासूबाई ताट हातात आणून द्यायच्या, आता माहेरी आईकडून लाड. तुझ्या पत्रातली ओळ न् ओळ मला टोचली.

एक सोडून. अंगठी बोटातून निघत नाही, चेहरा सुजलाय, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं तू हसत हसत लिहिलंस. अगं, प्रसूती वॉर्डात येणाऱ्या बाईचा रक्तदाब मोजणं हेच माझं काम. अशीच हसत आलेली एकजण दंडाला पट्टा बांधता बांधता झटके येऊन कोसळली. दवाखान्यात होती म्हणून वाचली.

लगेच फोन केला, तर आईने उचलला. "अंग भरलंय तिचं. तू जळतेस, म्हणून घाबरवतेस," म्हणाली आणि ठेवून दिला.

जळते मी, खोटं कशाला बोलू? पण काजवे मी मनाने रचलेले नाहीत.

हे पत्र आज तिकडे निघालेल्या आमच्या नर्सच्या हाती देतेय. वाचलंस की चप्पल घाल आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा. आईला मागाहून समजावू.

रक्तदाबाचा आकडा लगेच कळव. तो चांगला निघू दे, म्हणजे मला पुन्हा निवांतपणे तुझ्यावर जळता येईल.

तुझीच,
ताई