टेव्हियनचं शेवटचं पाऊल

शनिवार, १२ ऑक्टोबर

हरलो. एका टचडाउनने हरलो, आणि तेही स्टोन क्रीककडून!

सकाळपासून शाळेतल्या त्या कोंदट खोलीत कालच्या मॅचची फिल्म बघतोय. टेव्हियनचं काम एकच — समोरच्या धिप्पाड पोरांची भिंत फोडायची आणि त्यांच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला आडवं करायचं. अख्ख्या खोऱ्यात ह्या कामात त्याचा हात धरणारा नाही. भिंत त्याने कालही फोडली. आणि मग? क्वार्टरबॅक हातभर अंतरावर, पाठमोरा, बेसावध — आणि आमचा पठ्ठ्या पाय आखडता घेतो! एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा आमच्या बाकासमोर, माझ्या डोळ्यांदेखत.

"दमला असेल रे पोरगा," हॅनिगन म्हणाला. तो मुख्य कोच, त्याला सगळेच दमलेले दिसतात. दमलेला माणूस सुरुवातीपासून रेंगाळतो, ऐन शेवटच्या पावलाला दमत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

तिन्ही ठिकाणी शेरा मारला — कुचराई.

त्यांचा क्वार्टरबॅक म्हणजे माझा कोल्बी. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय! घटस्फोटानंतर डॅरलीन त्याला घेऊन स्टोन क्रीकला गेली, तेव्हापासून तो त्यांचा. पोरगा जिंकला म्हणून बरं वाटलं का? वाटलं. थोडंसं. म्हणून टेव्हियनला सोडायचं का? मुळीच नाही. उलट जास्तच बारकाईने बघायला हवं. नाहीतर गाव म्हणेल, बापाचं बरं साधलं!

रविवार, १३ ऑक्टोबर

चर्चबाहेर जो तो तेच विचारतोय. पेट्रोलपंपवाला तर तोंडावर म्हणाला, "डेल, तुमच्या त्या वाघाची शेळी कुणी केली?"

मला वाटतं, हे शाळांतून खेळाडू हेरत फिरणाऱ्या कॉलेजवाल्यांचं काम. शुक्रवारी एक लाल जाकीटवाला मॅचआधी टेव्हियनच्या खांद्यावर हात टाकून बोलत होता. काय बोलला असेल? "अंग राख बाबा, गुडघा मोडून घेऊ नकोस, तुला आम्ही नेणारच आहोत." असंच काहीतरी. म्हणजे मेहनत त्यांच्यासाठी आणि आमच्या तोंडाला पानं पुसायची!

दुपारी डॅरलीनचा फोन. "तू काही विचारणार नाहीस, म्हणून सांगते. कोल्बी धडधाकट आहे." मग म्हणाली, "तुझा तो दांडगा पोरगा त्याच्यावर धावून आला की मी डोळेच मिटून घ्यायचे."

मी म्हटलं, "फुटबॉल आहे, डॅरलीन. लागतंच." तिने फोन ठेवला.

सोमवार, १४ ऑक्टोबर

सगळ्या पोरांसमोर फिल्म लावली. टेव्हियनचं पाऊल आलं की थांबवायची, मागे न्यायची, परत लावायची.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तो पडद्याकडे बघेना. माझ्याकडे बघत राहिला, चांगला वेळ. मग खाली मान घालून म्हणाला, "चूक झाली, कोच."

"कुणी सांगितलं होतं तुला थांबायला?"

तो परत माझ्याकडेच बघायला लागला. ती नजर मला अजिबात आवडली नाही. निरपराध माणूस हातपाय आपटतो, आरडाओरडा करतो. हा शांत! म्हणजे नक्कीच पढवून ठेवलेला.

शिक्षा ठरलेली — अस्वलासारखं हातापायांवर अख्खं मैदान. तीन कुचराया, तीन फेऱ्या. पोरं कडेने ओरडत होती, "टेव्ही, आजीला बोलवू का उचलायला?" तो हसला नाही, चिडला नाही, फेऱ्या पूर्ण केल्या. तळहात सोलवटले होते. जाताना माझ्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "कोल्बी बरा आहे ना?"

ह्याला कशाला कोल्बीची चौकशी?

मंगळवार, १५ ऑक्टोबर

लहानपणी टेव्हियन आणि कोल्बी आमच्याच अंगणात खेळायचे. कोल्बीला फोन करून सरळ विचारलं — तुमच्या दोघांचं आधी काही ठरलं होतं का? "बाबा, तुम्हाला वेड लागलंय का?" म्हणाला आणि फोन बंद! म्हणजे 'नाही' काही म्हणाला नाही. जेवण गेलं नाही. डब्यातला राजमा-खिमा तसाच परत आणला.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ठरवून टाकलं. शुक्रवारी टेव्हियन बाकावर बसणार, खेळणार नाही. हॅनिगनला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच.

"अरे, शुक्रवारी तो कॉलेजवाला फक्त त्याला बघायला परत येतोय! शिष्यवृत्ती मिळाली तर पोरगा सुटेल इथून. नाहीतर आहेच खडीची खाण, त्याच्या मामासारखी. जन्माचं नुकसान करशील, डेल."

"होऊ दे. कामचुकाराला बक्षीस नाही."

मग त्याने आवाज खाली आणला. "तुझ्या पोराची मॅच होती ती. तू त्या दिवशी घरी बसायला हवं होतंस. चूक माझीच."

असा संताप आला! मी माझ्या पोराला तसूभरही सवलत दिलेली नाही. उलट आठवडाभर टेव्हियनला घोकून घेतलं होतं — कोल्बी डावीकडे कधी वळतो, कुठे बिचकतो, चेंडू कुठल्या हातात धरतो. सख्ख्या पोराची गुपितं त्याच्याच शत्रूला दिली! आणि मलाच हे ऐकवतोय. त्याचाही त्या लाल जाकीटवाल्याशी काही संबंध आहे की काय? असेलही. आता कुणाचा भरवसा धरायचा?

टेव्हियनला मैदानावरच सांगितलं. त्याच्या ओठांचा रंग गेला. "बरं, कोच." बस, एवढंच. मला तो भांडायला हवा होता. एकदा तरी भांड ना गाढवा!

संध्याकाळी त्याच्या आजीचा फोन. ओडेसाबाईंनीच वाढवलंय त्याला. "उद्या आमच्याकडे जेवायला ये बाळा." एवढंच, बाकी अवाक्षर नाही. गयावया करणार, दुसरं काय! मी बधणार नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

ओडेसाबाईंनी गयावया केली नाही. बसलो तशी फोन माझ्या हातात दिला. नातवाची प्रत्येक मॅच त्या आमच्या बाकामागच्या कुंपणाला चिकटून फोनवर घेतात. चित्र हलत होतं, आवाज मात्र स्वच्छ. टेव्हियन भिंत फोडतो, आणि बाकापाशी कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतं — "हळू, टेव्ही! हळू! लागेल त्याला!" तिन्ही वेळा. आमच्या फिल्मला आवाज नसतो.

आवाज माझा आहे. मला ह्यातलं काहीही आठवत नाही.

"सोमवारी बोलला का नाहीस?" मी टेव्हियनला विचारलं.

तो ताटाकडेच बघत होता. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे, कोच."