हात बांधून केलेला नमाज

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि या आठवड्यात तुम्ही रोज माझ्या डोक्यात आहात. कारण आमच्या डिचोलीच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तो काय प्रकार आहे हे सांगत बसत नाही. स्टाफरूमच समजा, फक्त बोलताना कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. जुने विद्यार्थी आणि आम्ही निवृत्त शिक्षिका मिळून शाळेच्या वाचनालयाला तुमचं नाव देणार होतो. सगळं ठरलं होतं, पाटी करायला टाकायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात एकाने कुठूनसा आलेला लांबलचक मजकूर पुढे ढकलला. मुसलमानांना म्हणे तकय्या नावाची मुभा असते, परक्यांशी खुशाल खोटं बोलायचा परवानाच, तेव्हा त्यांच्या गोडव्याला भुलू नका. खाली दुसऱ्याने लिहिलं, 'सर चांगलेच होते, पण आत काय होतं ते कोणी बघितलंय? नावाचं रविवारच्या बैठकीत परत बघू.' त्यावर धडाधड अंगठे उमटले. मी गप्प राहिले.

आत काय होतं ते मी बघितलं होतं, हीच तर पंचाईत. नोकरीचं माझं दुसरं वर्ष. ताप आल्याची चिठ्ठी पाठवून मी नणंदेबरोबर पेडण्यात जत्रेला गेले होते, आणि माझे तास तुम्ही घेतले होते. दोन दिवसांनी संध्याकाळी पेपरांचा गठ्ठा न्यायला तुमच्या घरी आले. खनिजाच्या ट्रकांची धूळ आत येऊ नये म्हणून जनेलं लावून घेतलेली. तुमच्या पत्नी चुलीपाशी चहा उकळत होत्या, म्हणाल्या, "यो, भितर यो." आतल्या खोलीत तुम्ही चटईवरून उठत होता, आणि चटईवर तळहातात मावेल अशी मातीची चपटी गोल वडी होती. शिया लोक नमाजात हात सोडून उभे राहतात आणि कपाळ अशा मातीवर टेकतात, एवढं मला वाचून ठाऊक होतं. पण अख्खी डिचोली तर तुम्हाला दर शुक्रवारी मशिदीत सुन्नींसारखेच हात बांधून उभे राहणारे मास्तर म्हणून ओळखत होती.

तुम्ही स्वयंपाकघरात येऊन बसलात, उंडो पाव चहात बुडवलात आणि विचारलंत, "ताप देंवलो मगो, बाय?" पेडण्यात मला कोणीतरी बघितलं होतं, ते तुमच्या कानावर आलंय हे ताप उतरल्याच्या या चौकशीवरून कळलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझी जीभ तिरकी चालते. मी म्हणाले, "सर, लपवता तर तुम्हीसुद्धा." तुमच्या पत्नींनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. आजही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात.

तुम्ही मात्र वर्गात समजवायचात तसं समजवायला लागलात. पैगंबरांच्या एका साथीदाराला शत्रूंनी हालहाल करून धर्म नाकारायला लावलं. तो रडत परत आला. पैगंबरांनी त्याला एवढंच विचारलं, मन कुठे आहे? मन जाग्यावर आहे, तो म्हणाला. मग ते पुन्हा छळतील तर पुन्हा तसंच बोल, पैगंबर म्हणाले. "तकय्या म्हणतात ती ही," तुम्ही म्हणालात. "जिवाच्या भयान तोंड बंद दवरप. आपल्या फायद्याखातीर फट मारप न्हय." म्हणजे स्वतःच्या फायद्यासाठी थाप मारणं यात बसत नाही. मग वाद कुठे? तर कोणी म्हणतात, जीव जातानाच ही सूट, आणि तरीही न लपवता मरण पत्करणारा मोठा. तुमच्या शिया लोकांवर पिढ्यानपिढ्या तलवार टांगलेली, म्हणून त्यांच्यात याचा जास्त विचार झाला. शेजाऱ्यांशी सलोखा राहावा म्हणून त्यांच्या ओळीत त्यांच्यासारखं उभं राहणंही काहीजण त्यातच धरतात. "म्हजो भाव मानीना," भावाबद्दल सांगताना तुम्ही हसलात. "म्हणता, डिचोलेंत तुका कोण मारता? ही तकय्या न्हय, भित्रेपण. ताका अजून जबाब दिवंक जमूंक ना." मग तुम्ही म्हणालात, "तुमचो कुळदेव न्हंय हुपून हांगा हाडलो, तो तणाच्या भाऱ्यात घालून न्हय? ताका कोण फटवणूक म्हणटा?" खरंच होतं ते, फिरंगी देवळं मोडत होते तेव्हा आमचा देव गवताच्या भाऱ्यात लपवून नदीपार आणला होता. तेव्हा बाटवलेलं बार्देशातलं एक किरिस्तांव घर अजून आमच्या देवळात तेल पाठवतं, आणि पावतीवर नाव घालू नका म्हणतं. त्यांना आम्ही कधी खोटारडे म्हटलेलं नाही, उलट गहिवरून सांगतो.

निघताना तुम्ही एवढंच म्हणालात की ही गोष्ट माझ्यापाशी राहू दे. ती मी राहू दिली. नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. म्हणून या आठवड्यात मी स्वतःची समजूत घातली की उत्तर द्यायचं तर ही वडी, हे हात बांधणं सगळं सांगावं लागेल, आणि तुमचं गुपित फुटेल. गप्प राहण्यात मला पुण्यसुद्धा दिसायला लागलं होतं. शेवटी काल तुमच्या लेकीला फोन केला, की सांगू का गं?

ती हसली, सर. "बाई, खबर कोणाक नासली? मौलवीच बाबाक सांगतालो, मास्तर, तुमी हात सोडून केल्यार लेगीत चलता. पूण बाबाच आयकनासलो. म्हणटालो, वळींत हांव एकलोच वेगळो दिसतां." म्हणजे अख्ख्या मशिदीला माहीत होतं. तीस वर्षं मी जे जिवापाड जपलं, त्याची राखण त्यांनीच केली होती, आणि कसलाही आव न आणता. मग ती म्हणाली, "हांवूय आसां न्हय त्या ग्रुपार. सगळें वाचलें. बाई कितें तरी बरयतल्यो म्हूण वाट पळयत रावलें."

मी काहीतरी लिहीन म्हणून ती आठवडाभर वाट बघत होती, आणि मी काहीबाही सांगून फोन ठेवला. रविवारी बैठक आहे. जायचं मी ठरवलंय, बोलायचंही ठरवलंय. पण माझं ठरवणं किती टिकतं ते तुम्हाला माहीत आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. काल फोनवर तुमच्या लेकीला मी म्हणाले, "अगो बाय, मी तो ग्रुप बघतच नाही, मोतीबिंदू झाल्यापासून बारीक अक्षर दिसत नाही, आजच कोणीतरी सांगितलं म्हणून कळलं." मोतीबिंदू काढून सहा महिने झाले, सर. मला सगळं स्पष्ट दिसतं.