मशीन सेफ आहे

७ ऑक्टोबर २०००, शनिवार. दसरा.

मशीन उभं राहिलं. बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, सगळं या दोन हातांनी जोडलं. दोन स्क्रू उरले. दुकानदाराने जास्तीचे दिले असणार. मकरपुऱ्याच्या फॅक्टरीत मी खोकी चिकटवतो म्हणून कुणी मला खोकीवाला समजत असेल तर समजो. नववीत नापास झालो तो गणितात. मशीनमध्ये कुणी परीक्षाच घेतली नाही.

पूजा केली. मॉनिटरला झेंडूचा हार. ड्रायव्हरच्या सीडीवरही कुंकवाचं स्वस्तिक काढलं. छापील बाजूला काढलं तर अक्षरं झाकतात, म्हणून मागच्या कोऱ्या, आरशासारख्या बाजूवर काढलं. उठून दिसतं.

घरमालक फत्तेसिंहराव काका आणि चारुलताकाकू वर गच्चीवरच्या खोलीत बघायला आले. काकांनी विचारलं, ड्रायव्हर म्हणजे काय. सांगितलं, मशीनच्या प्रत्येक भागाला चालवणारा लागतो, आवाजाला वेगळा, चित्राला वेगळा. ते सगळे या सीडीत बसलेत. काका म्हणाले, आमच्या वडिलांना संस्थानची बग्गी होती, तिला एकच पुरायचा.

उद्या ड्रायव्हर टाकतो. सोमवारपासून लग्नपत्रिका आणि कुंडल्या. दारावर पाटी: गजेंद्र कॉम्प्युटर्स, कारेलीबाग.

८ ऑक्टोबर, रविवार.

सीडी आत जाते, घरघरते, मशीन म्हणतं सीडी नाही. आहे. मी स्वतः घातली.

आवाज नाही. चित्र सोळा रंगांत. सोळा खूप झाले, इंद्रधनुष्याचं सातात भागतं. आतल्या यादीत जागोजाग पिवळी प्रश्नचिन्हं दिसतात. प्रश्न विचारतंय म्हणजे शिकतंय.

संध्याकाळी काकांकडे वडिलांचा, आबांचा फोन. गावी टेम्पो घेतलाय. म्हणाले, गजा, केळी भरून जळगावला न्यायची, ड्रायव्हर मिळत नाही, तू ये. मी म्हणालो, आबा, मीपण ड्रायव्हरच्याच मागे आहे. म्हणाले, मग तू कशाला आहेस? समजावलं की हा वेगळा ड्रायव्हर. मी कॉम्प्युटर लाइनचा माणूस, टेम्पोवर बसणार नाही. स्पष्ट सांगितलं. जोरात सांगितलं, कारण काकूही ऐकत होत्या.

आबा म्हणाले, येत्या रविवारी येतो. तुझं मशीन बोलताना-चालताना दाखव, मग मी टेम्पोचं नाव काढणार नाही. नाही तर मुकाट्याने माझ्याबरोबर गाडीत बस.

म्हणालो, या. तिकीट परतीचं एकच काढा.

९ ऑक्टोबर.

मांडवीजवळ कुशलभाईच्या दुकानात गेलो. सामान त्याच्याकडूनच घेतलं होतं. सीडी उलटी करून बघितली आणि अख्ख्या दुकानाला बोलावून दाखवली. म्हणाला, आ सीडी छे के नवी वहू? म्हणजे ही सीडी की नवी नवरी. वाचायची बाजू म्हणे तीच, त्यावर काही लावायचं नसतं. मी म्हणालो, मग तसं लिहून का देत नाही? म्हणाला, कोणत्या बाजूला लिहू?

गुजराती लोकांना देवाधर्माचं काही नाही. दुकानात त्याच्या स्वतःच्या गल्ल्यावर स्वस्तिक होतं, तेही मी बोललो नाही. मोठेपणा ठेवला.

दुसरी सीडी नाही म्हणाला, पण ड्रायव्हर नेटवर मिळतो.

१० ऑक्टोबर.

नेट वगैरे नंतर. आधी सीडी स्वच्छ केली. भांड्याची पावडर आणि काथ्या. कुंकू साफ गेलं. चकाकीही गेली, पण चकाकीने मशीन चालत नाही.

सीडीनेही चाललं नाही.

११ ऑक्टोबर.

फॅक्टरीतून सुटल्यावर सायबर कॅफे. बसलेल्या पोराने आवाजाचा ड्रायव्हर उतरवून दिला. एका फ्लॉपीत मावेना, म्हणून तुकडे करून पाच फ्लॉपींत भरला. मी म्हणालो, अख्खा द्या की. म्हणाला, फ्लॉपी ही फ्लॉपी आहे दादा, गोणी नाही.

घरी आलो तर डोळे मिटत होते. पाचही फ्लॉपी स्पीकरवर रचून ठेवल्या. उद्या हाताशी येतील, आणि तोवर एकमेकांची सवय होईल.

रविवारचा कार्यक्रम ठरवला. आबा खुर्चीत बसतील. मी एक बटण दाबीन. स्क्रीनवर रंगीत फुलं, स्पीकरमधून सनई. मी काही बोलणार नाही. फक्त बघत राहीन.

१२ ऑक्टोबर, सकाळी.

पाचही फ्लॉपी कोऱ्या. कॅफेवाला लुटारू.

काका म्हणाले, स्पीकरात लोहचुंबक असतं हो गजेंद्र, त्याने पुसल्या असतील. या वयात माणसाला सगळीकडे चुंबक दिसतं. मी हसून हो म्हणालो. फ्लॉपी मात्र आता डाळीच्या डब्यावर ठेवतो.

परत कॅफेत जाणार नाही. त्याला वाटेल मला गरज आहे.

१३ ऑक्टोबर, कोजागरी.

आमचे सुपरवायझर गोविंदराव यांच्या घरी कॉम्प्युटर आहे. त्यांची ड्रायव्हरची सीडी मागून आणली. म्हणाले, बोर्ड वेगळा असेल तर उपयोग नाही. मी म्हणालो, साहेब, ड्रायव्हर तो ड्रायव्हर. टेम्पोवाल्याला जीप दिली तर तो चालवत नाही का? त्यांनी सीडी काढून दिली. पटलं असावं.

रात्री टाकला. मशीनने विचारलं, खात्री आहे का? हो. नक्की? हो. त्याच सीडीत सिस्टिमचं अपडेटही होतं, तेही चालू केलं. पट्टी सरकत सरकत मधेच थांबली. बराच वेळ वाट बघितली. मग वाटलं, हे मला जोखतंय. बटण दाबून बंद केलं. शिस्त लागलीच पाहिजे.

खाली सोसायटीत शरद पूनमचा गरबा. त्यांचे स्पीकर कपाटाएवढे, खिडकीच्या काचा थरथरतात. माझे दोन, तांब्याएवढे, गप्प. काकूंनी मसाला दूध आणून दिलं. म्हणाल्या, तुझ्या मशीनमधलंच वाजतंय का? मी म्हणालो, अजून नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार.

मोठी प्रगती. आता मशीन उघडलं की चारही कोपऱ्यांत लिहून येतं: Safe Mode. काकांकडून अर्थ विचारून घेतला. सुरक्षित. गोविंदरावांच्या मशीनवर असं काही लिहिलेलं नाही. सोळा रंग तेवढेच आहेत, चित्रं मोठी मोठी दिसतात, आबांना चष्म्याशिवाय वाचता येईल.

आवाज नाही. सीडीही आता दिसेनाशी झाली, म्हणजे मशीनला. सुरक्षित ठेवायचं तर थोडं सोडावं लागतं.

संध्याकाळी बॅग भरली. जायचं म्हणून नाही. कपडे एका जागी असावेत.

आबांना काय सांगायचं ते ठरवलं. पहिल्यांदा 'चल' म्हणाले की सरळ नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हणाले तरी नाही, पण जरा हळू. तिसऱ्यांदा हात धरला तर मात्र विचार करू. त्यांचं वय झालंय, टेम्पो नवा आहे, असा कुणाच्याही हातात देता येत नाही. माणसाने घरच्यांसाठी थोडं वाकावं. हार वेगळी आणि वाकणं वेगळं.

टेम्पोवर मागे नाव माझंच लिहायला सांगीन. ही अट.

१५ ऑक्टोबर, रविवार. दुपार.

आबा आले नाहीत.

सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मशीन चालू करून बसलो होतो. काकूंनी दोघांचा स्वयंपाक केला होता. अकराला काकांनी खालून हाक मारली, गजेंद्र, फोन.

आबा गावच्या एसटीडी बूथवरून बोलत होते. म्हणाले, येत नाही रे. नारायणला ठेवला, पलीकडच्या आळीतल्या. परवा चावी दिली, काल जळगावची पहिली खेप झाली. तू म्हणालास तेच खरं गजा. मन नसलेल्या माणसाला ओढून आणण्यात काय अर्थ. मी उगाच तुला घोर लावला. तू तुझं मशीन बघ.

मी म्हणालो, बरोबर केलंत.

मग म्हणालो, पण नारायण घाटात गाडी दाबतो.

म्हणाले, केळीला कुठे घाट लागतो?

तेही खरं. विचारलं, टेम्पो कोणत्या रंगाचा? आठ दिवसांत ते विचारायचं राहिलंच होतं. म्हणाले, निळा. आणि थांब, तुला ऐकवतो. बूथच्या बाहेर ओरडले, नारायण, दाब रे. दोन सुरांचा हॉर्न वाजला. एवढ्या लांबून, पण अगदी स्वच्छ. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, म्हणाल्या, हे काय वाजलं?

आबा म्हणाले, आला का आवाज?

आला, म्हणालो.

म्हणाले, आता तुझ्या मशीनचा ऐकव.

म्हणालो, त्याची वायर खालपर्यंत पुरत नाही.