कशेळीच्या बांधातली खापरं

३ फेब्रुवारी

नाही केली सही. हितेशने विक्रीचे कागद ताटाशेजारीच ठेवले होते — जेवताना माणूस वितळतो म्हणे. कशेळीच्या खाडीलगतची आमची शेवटची जमीन. तिथे गोदाम होणार. वारस दोघंच, भाऊ हितेश आणि मी. मी म्हटलं, बांधात जुनी खापरं निघालीत, जाणकार बघून जाईपर्यंत थांब.

"ताई, खापरं कोणाच्या बांधात नसतात?"

म्हटलं, ही इराणच्या जुन्या साम्राज्यातली असू शकतात.

"इराणी? बांधावर चहा विकायला आला होता काय?"

करिष्मा, त्याची बायको, इतकी हसली की तिला ठसका लागला. हसा. गोदामापलीकडे ज्यांना काही दिसत नाही, त्यांच्यापुढे काय बोलायचं?

५ फेब्रुवारी

मी लिहितेय त्या पुस्तकाचं प्रकरण आज धावत सुटलं. इराणच्या जुन्या राजधानीत, पर्सेपोलिसच्या जिन्यावर देशोदेशीची माणसं राजाला भेटी घेऊन निघालीत, दगडात कोरलेली. त्यांत एक आपल्याकडचा. उघड्या अंगाचा, खांद्यावर कावड. मला तो फार जवळचा वाटतो. त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी, तिथल्याच सासानी राजांच्या काळात, तिकडचे निमुळत्या बुडाचे रांजण समुद्रावरून आपल्या किनाऱ्याला आले. आतून डांबर फासलेले, आतलं पाझरू नये म्हणून. आमच्या खापरांनाही आतून काळा थर आहे. लिहून टाकलं : 'कशेळीला इराणी गलबतं लागत.'

हितेशला वाचून दाखवावं का? गलबत आणि कंटेनर यांतला फरक त्याला कळेल का, शंकाच आहे.

६ फेब्रुवारी

करिष्मा बोलत नाही. बरंय.

९ फेब्रुवारी

उन्नती येऊन गेली. कॉलेजातली मैत्रीण, आता उत्खननं करते. खापर उन्हात धरून आतला काळा थर पाहिला. मग, "तुझं बरोबर आहे गं. तिकडचंच असावं." मी हितेशकडे पाहिलं. इतकं समाधान तोंडावर आणून पाहायला नको होतं. तो नखं बघत उभा.

पण उन्नतीने बांध थोडा उकरला आणि तिच्या कपाळावर आठी आली. खापरं चिखलात उभी ठोकलेली, एका ओळीत. "ही कोणीतरी आणून बसवलीत. मुळात कुठली, ते कळल्याशिवाय हा पुरावा होत नाही."

शेजारची कमळकाकी बाजूला बसून ऐकत होती. ऐंशी वर्षांची. "अगो नेत्रा, मला इचारायचा ना. मी नि तुझी आय होडी भरून आणायचो, पूर्णा गावच्या टेकाडावरशी. खापर ठोकला का खेकडा बांध पोखरत न्हाय. तिकडं ढीगच होता."

उन्नती उठलीच. "मावशी, ते टेकाड दाखवाल?"

"कसा दाखवू? तिथं आता गोदाम हाय."

परतीच्या वाटेवर मी उन्नतीला ऐकवत राहिले. ज्यांनी कोणी ते टेकाड विकलं, त्यांना एकदा तरी खाली वाकून बघावंसं वाटलं नसेल का? कसली ही माणसं?

"टेकाड होतं कोणाचं?" तिने विचारलं.

१० फेब्रुवारी

हितेशला विचारलं, टेकाड कोणाचं होतं. त्याने कपाटातून जुन्या खरेदीखताची झेरॉक्स काढून दिली.

आमचंच. वडिलांनी, आबांनी, विकलं तेव्हा मी एम.ए.च्या परीक्षेला बसले होते. तिसरी सही माझी. तिच्या वर काय लिहिलंय, ते आज पहिल्यांदा वाचलं.