एक जूनची माणसं

१२ मे, मंगळवार
पुन्हा तेच! सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीआधी एक जागा जास्त सुटली आणि अख्खी सिस्टीम उठायलाच तयार नाही. सकाळ त्यात गेली. दवाखान्याचा स्वतःचा क्लाउड म्हणजे तीन मशिनं — दोन डहाणूत, एक तलासरीच्या केंद्रात. एक जूनला चालू करायचाच. तलासरीहून निलम सिस्टरचा फोन, "मॅडम, इथला एसी तुमच्या मशीनला, आणि आम्ही पंख्याखाली." बरोबर आहे तिचं.

१५ मे
चाचणीसाठी रुग्णांच्या जुन्या नोंदी चढवल्या. दुपारी निलम — "भिकीला पेनिसिलीन चालत नाही, मला पाठ आहे. तुमच्या स्क्रीनवर तसं काहीच नाही." शोधलं. तिच्या पाड्यावर भिकी दोन. नाव, पाडा, जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असं सॉफ्टवेअरच्या कंपनीने फाइलमध्ये आधीच ठरवून ठेवलंय. मशीनने दोघींची एक केली आणि पेनिसिलीनची सूचना गिळून टाकली. घाबरले. निलमच्या जागी नवी सिस्टर असती तर सरळ इंजेक्शन दिलं असतं.

दोघींचा जन्म १ जून १९८८. आणखी चाळलं — जो तो एक जूनचा!

१६ मे
हे बाबांचंच काम. तलासरीकडच्या शाळेवर मास्तर म्हणून सगळी नोकरी काढली त्यांनी. विचारलं, तर चहा ढवळत म्हणाले, "मग काय लिहिणार? आईबाप सांगायचे, भात लावताना झाली. शाळा जूनला उघडायची, वय बसायला हवं. लिहिलं एक जून." जरासुद्धा ओशाळले नाहीत. वर म्हणाले, "तुझ्या मशीनला माणसं ओळखता येत नाहीत, तो माझा दोष?" रागच आला मला.

१८ मे
ललित सर, आमचे व्यवस्थापक — "फाइल आली तशी ठेव. बदललीस तर कंपनी हात वर करेल." मी म्हटलं, दोन बायकांची एक करून मी काही चालू करणार नाही. "मग एक जून चुकेल." नाही चुकणार.

२१ मे
सुचलं! मूळ फाइलला हातच लावायचा नाही. आपली छोटी फाइल वेगळी, तिच्यात फक्त आपले बदल. मशीन आधी कंपनीची वाचतं, मग आपली, आणि शेवटचा शब्द आपला. आपोआप एकत्र करणं बंद. शिवाय जन्मतारखेशेजारी 'अंदाजे' अशी खूण. ती असली की तारखेवरून माणूस ओळखायचा नाही, आईचं नाव विचारायचं.

२२ मे
सिस्टीम उठली नाही. पुन्हा एक जागा जास्त.

२३ मे
उठली.

२६ मे
तलासरीला गेले. निलमने दोघी भिकींना बोलावून घेतलं होतं. आईचं नाव विचारलं, तर दुसरी खिदळली, "मास्तरची पोर का तू? तो पण असंच बसवून विचारायचा." स्क्रीनवर दोघी वेगळ्या, एकीपुढे लाल अक्षरात पेनिसिलीन. ललित सर बघून नुसतं "ठीक" म्हणाले. त्यांच्या मानाने हे पुष्कळ झालं.

१ जून
चालू झालं. येताना बाबांसाठी केक आणला, दर वाढदिवसाला आणते तसा. सुरी हातात धरून म्हणाले, "माझीही तारीख माझ्या मास्तरांनीच लिहिलेली. आई एवढंच सांगायची, तू झालास तेव्हा नरपडला पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून ठेवल्या होत्या."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू लहानपणी इतक्या हौसेने मेणबत्त्या लावायचीस."

केक कापला. मग दवाखान्यातल्या त्यांच्या नोंदीपुढे 'अंदाजे' टाकलं.