रेकॉर्ड विभागातून जावाकडे

सोमवार, ३ मार्च. सकाळी ११.१०
बातमी पक्की. ३१ तारखेला रेकॉर्ड विभाग बंद. पर्सोनेलच्या बाईंनी स्वतः दुजोरा दिला, तोही लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या दरम्यान. विभागात उरलोय दोघंच. मी आणि आमचा टायपिस्ट पेन्सिल (अंगकाठीवरून. नाव मीच ठेवलं). २८ला जावा या कॉम्प्युटरच्या भाषेची परीक्षा. पास होईल तो इथेच, कॉम्प्युटर विभागात. नापास होईल तो आठ तासांवरच्या गोदामात.
रिटायर व्हायला तीन वर्षं. हिची लायब्ररीतली नोकरी इथली, ती सुटणार नाही. म्हणजे या वयात दोन ठिकाणी दोन बिऱ्हाडं. अर्थात नापास होण्याचा प्रश्नच नाही. सव्वीस वर्षं फायली सांभाळल्या, जावा काय चीज आहे.
हिला सांगितलं नाही. उगाच काळजी करते.

मंगळवार, ४ मार्च
संकल्प: रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.

बुधवार, ५ मार्च
८.२०ला उठलो. गजराचं घड्याळ बदलायला हवं.
शिकवणी सुरू. शिकवायला एक मुलगी येते, आमच्या कन्येहून लहानच. म्हणाली, क्लास म्हणजे आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बनवलेली वस्तू. मी हात वर करून विचारलं, आराखड्याला मंजुरी कोण देतं? थोडा विचार करून म्हणाली, कोणीच नाही. भाषेत शिस्त कमी दिसते.

शुक्रवार, ७ मार्च
आज मेथड. मेथड म्हणजे एखादं काम कसं करायचं याच्या सूचना, महिरपी कंसात. म्हणजे आमचं परिपत्रकच की. तीनशेवर परिपत्रकं काढलीत मी. पेन्सिलने विचारलं, व्हॉइड कशाला लिहायचं? उत्तर: मेथडने काही परत द्यायचं नसेल तर. आमची निम्मी खाती डोळ्यांसमोर आली.
मी बहुधा या विषयासाठीच जन्मलो असेन.

मंगळवार, ११ मार्च
पहिला प्रोग्राम. अकरा चुका, त्यातल्या नऊ सेमिकोलनच्या. मुलीला म्हटलं, अर्थ तर कळतोय ना? म्हणाली, मला कळतोय, त्याला नाही. यंत्राला समजूतदारपणा नाही, त्याला मी काय करणार.
पहाटेचा अभ्यास उद्यापासून नक्की.

शुक्रवार, १४ मार्च
स्टॅटिक. प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेन ही मेथड स्टॅटिक असते म्हणे. तिच्यातून साध्या मेथडला थेट बोलावता येत नाही, आधी ऑब्जेक्ट बनवावा लागतो. कळलं का, असं मुलीने विचारलं. मी मान हलवली. पेन्सिलनेही हलवली. बाहेर येऊन दोघांनी एकमेकांना विचारलं. मग पेन्सिल परत आत जाऊन तिला विचारून आला. मीही उठलो होतो, पण दारापर्यंतच. सव्वीस वर्षांच्या सर्व्हिसला काही मान असतो.

मंगळवार, १८ मार्च
दहा दिवस उरले. पुस्तकाचं पान ४१ चार वेळा वाचलं, चारही वेळा नवीन वाटलं.
कन्येला फोन केला. ती परगावी हेच काम करते. सांगितलं, एका मित्राची शंका आहे, स्टॅटिकबद्दल. तिने वीस मिनिटं समजावलं. मी हो हो म्हणत होतो, कागद जवळ नव्हता. शेवटी म्हणाली, "बाबा, मित्राला म्हणावं आईशी एकदा बोला."
कन्या हुशार आहे, पण विषय सोडून बोलते.

शनिवार, २२ मार्च. दुपारी १
विजय! रेकॉर्ड विभागाचा पूर्ण क्लास लिहिला. चाळीस मेथड. फाईल शोधणे, फाईल देणे, फाईल परत न आल्यास स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. मेनला हात लावला नाही, ती मुलीने दिली तशीच रिकामी ठेवली. चालवला. एकही चूक नाही. पडदा आरशासारखा स्वच्छ.
पेन्सिलच्या तीनच मेथड. पडद्यावर नुसती गर्दी, त्यात दोनदा लाल अक्षरं. त्याला धीर दिला.

मंगळवार, २५ मार्च
हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पर्सोनेलच्या बाई लायब्ररीच्या सभासद निघाल्या. बावीस दिवस बोलली नाही, मी सांगेन म्हणून थांबली होती. आज ताट वाढताना विचारलं, "अहो, पास व्हाल ना?"
म्हटलं, माझ्या प्रोग्रामात आता चूकच येत नाही. ती वाढायचं सोडून आत गेली. समाधान झालं असावं.

शुक्रवार, २८ मार्च. दुपारी ३
प्रश्न: लायब्ररीचा क्लास लिहा, पुस्तक देऊन दाखवा. चाळीस मिनिटांत अकरा मेथड. पेन्सिलच्या आधी हात वर केला. मुलगी येऊन पडद्याकडे बघत राहिली. पडदा स्वच्छ.
"काका, पुस्तक कुठे दिलं?"
सांगितलं, पुस्तक देण्याची पूर्ण पद्धत ओळ सातपासून आहे.
"पद्धत आहे. पण मेनमधून कोणाला बोलावलंच नाहीत. लिहिल्यात नुसत्या."
या मुलीला कसं समजवायचं. परिपत्रक काढल्यावर आपण कोणाला बोलवायला जात नाही, ज्याचं त्याने करायचं असतं. तीनशे परिपत्रकं अशीच गेली. मग एकदम शंका आली, त्यांतलं एक तरी कोणी केलं असेल का.
दहा मिनिटं होती. मेनमध्ये मेथडचं नाव घातलं. लाल अक्षरं. स्टॅटिक नाही म्हणे. पुन्हा घातलं. पुन्हा तेच. शेजारी पेन्सिल आपल्या पडद्याकडे बघत होता, मुद्दाम. नवव्यांदा घालताना वेळ संपली.
कदाचित नीटनेटकेपणाला गुण असतील.

शनिवार, २९ मार्च
नाहीत. पर्सोनेलच्या बाईंनी सांगितलं, या वेळी टेबलाशी बसवून. पेन्सिल पास. माझे खण त्यानेच रिकामे केले, डोळ्याला डोळा न भिडवता. म्हणाला, साहेब, शिकवणारी मुलगी तुमच्यासाठी थांबली असती हो, नुसतं विचारायचं होतंत.
घरी हिने माझे सदरे काढले आणि सुईदोरा पुढे ठेवला. तुटलेलं बटण कसं लावायचं ते सांगू लागली. मी डायरी उघडली, तर तिने ती मिटली.
"लिहून घेऊ नका. लावून दाखवा."
तीन वेळा बोटाला टोचलं. चौथ्यांदा बसलं. ती बराच वेळ ते बटण ओढून बघत होती. मग डोळे पुसायला आत गेली. मी तिच्यामागे गेलो. तिथेच उभा राहिलो.

रविवार, ३० मार्च. सायंकाळी ६
गोदामाच्या मॅनेजरचा फोन. गडी भलताच खुशीत. जावाचं शिक्षण घेतलेला माणूस पाठवतोय, असं पर्सोनेलने कळवलंय म्हणे. त्यांचा मालनोंदीचा प्रोग्राम चार महिने बंद पडलाय. बारा माणसं वह्यांत लिहून बेजार झाली आहेत. मी सांगायला तोंड उघडलं होतं की मी... पण तो "देव पावला" म्हणाला. मग मी म्हटलं, बघू.
उद्या सात चाळीसची बस. पावणेचारला पोचेन. चार वाजता सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर जमवून ठेवतो म्हणाला.