शिट्टीआधीचा ब्रेक

दादा,

आज तुझ्या लेकीने आपली वाफेची गाडी पहिल्यांदाच घाटातून खाली आणली. शेवटच्या डब्यात ब्रेकच्या चाकावर मी होतो. प्रवासी दरी बघून हरखले होते, मी मात्र चाकावरचा हात काढला नव्हता. तुझे डबे घसरले ते वळण आलं आणि तिने ब्रेक लावायची शिट्टी द्यायच्या आतच मी चाक आवळलं.

खाली उतरल्यावर तिने विचारलं, "काका, शिट्टीची वाट का नाही पाहिलीत?"

"वय झालं गं," एवढंच म्हणालो.

चौकशीत मी सांगितलं होतं की तू शिट्टी दिलीच नाहीस. तुझी नोकरी गेली, तू गाव सोडलंस. दादा, तू शिट्टी दिली होतीस. मला डुलकी लागली होती.

हे पाठवायला तुझा पत्ता हवा, आणि तो फक्त तिच्याकडे आहे.

तुझा धाकटा